नाकातला स्प्रे: चार बाटल्यांमधली चौथी

मेडिकलच्या काउंटरवर ‘नाकासाठी एक स्प्रे द्या’ एवढंच सांगितलं, तर समोरचा माणूस चार अगदी वेगळ्या औषधांपैकी कुठलंही हातावर ठेवू शकतो. बाटल्या दिसायला सारख्याच असतात. आत मात्र एकीत नुसतं मिठाचं पाणी, दुसरीत रक्तवाहिन्या आवळून नाक मोकळं करणारं औषध, तिसरीत सूज उतरवणारं स्टेरॉइड आणि चौथीत अँटीहिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीत शिंका-खाज आणणाऱ्या हिस्टामिन या रसायनाला अडवणारं औषध. शेवटच्या दोन्हींचं मिश्रण असलेली पाचवीही मिळते. प्रत्येकीचं काम निराळं, परिणाम दिसायला लागणारा वेळ निराळा आणि धोकाही निराळा. तरी घरात सगळ्यांना एकच नाव: नाकातला स्प्रे. शेजारच्या काकूंना ज्याने बरं वाटलं तो आपल्यालाही चालेल, या हिशेबाने तो आणला जातो, आणि आठवड्याभरात ‘काही फरक नाही’ म्हणून कपाटात जातो.

इथे मुख्यतः चौथ्या बाटलीबद्दल लिहितोय. तिच्यावर बारीक अक्षरांत अझेलास्टिन किंवा ओलोपाटाडिन असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे ॲलर्जीच्या सर्दीला गोळी सर्रास घेतली जाते, स्टेरॉइडच्या स्प्रेला लोक घाबरतात, आणि हा मधला पर्याय बऱ्याच जणांना ठाऊकच नसतो.

मुंबईची बारमाही सर्दी

युरोप-अमेरिकेत ॲलर्जीची सर्दी बऱ्याच अंशी परागकणांच्या मोसमाशी बांधलेली असते. वसंतात झाडांचे पराग, मग गवताचे, मग तणांचे. पराग मुंबईच्या हवेतही असतात, पण इथला मोठा उपद्रव घराच्या आत आहे. धुळीतले माइट्स हे जेमतेम पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर लांबीचे, आठ पायांचे जीव. आपल्या अंगावरून झडणाऱ्या त्वचेच्या कणांवर ते जगतात. पाणी ते पीत नाहीत, हवेतली वाफच शोषून घेतात, त्यामुळे दमट हवा म्हणजे त्यांची चैन. समुद्राकाठच्या या शहरात ती वर्षाचे बहुतेक महिने मिळते. गाद्या, उशा, गोधड्या, सोफे ही त्यांची वस्ती, आणि त्यांच्या विष्ठेतली प्रथिनं आपल्या नाकाला सहन होत नाहीत. गोधड्या उन्हात घाला हा सल्ला उत्तम आहे, पण जुलैत ऊन कुठून आणायचं?

त्यात झुरळांची भर. त्यांची विष्ठा आणि वाळलेल्या शरीराचे कणही ॲलर्जी करतात. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीवर, कपाटाच्या मागे, एसीच्या जाळीत बुरशी धरते. दिवाळीच्या तोंडावर माळा उपसला आणि पंखे पुसले की घरातल्या एकाला तरी शिंकांची माळ लागतेच. हिवाळ्यात धुरकं आणि बांधकामांची धूळ येते. ही दोन्ही सहसा ॲलर्जी निर्माण करत नाहीत, पण आधीच चिडलेल्या नाकाला आणखी चिडवतात.

म्हणून ‘मोसम आला की पंधरा दिवस औषध घ्यायचं’ ही पाश्चात्त्य माहितीपत्रकांतली भाषा आपल्याला अर्धीच लागू पडते. डॉक्टर साधारणपणे दोन गोष्टी पाहतात. पहिली म्हणजे त्रास किती वेळा होतो. आठवड्यातले ४ दिवस किंवा त्याहून जास्त, आणि असं ४ आठवड्यांपेक्षा अधिक चाललं, तर ती चिवट, कायम राहणारी सर्दी. दुसरी गोष्ट म्हणजे तिच्यामुळे झोप, शाळा, काम बिघडतं का. त्रास अधूनमधून होतो आणि झोप शाबूत आहे, अशा माणसाचं औषध वेगळं. रोज पहाटे पाचला शिंकत उठून दिवसभर डोकं जड ठेवून काम करणाऱ्याचं वेगळं.

नाकाच्या आत काय घडतं

ज्याला माइट्सची ॲलर्जी आहे, त्याच्या शरीराने त्या प्रथिनांविरुद्ध आयजीई नावाच्या खास प्रतिपिंडांची फौज आधीच तयार ठेवलेली असते. ही प्रतिपिंडं नाकाच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर चिकटून बसतात. नाकात तो कण शिरला, प्रतिपिंडांनी ओळखला, की काही मिनिटांत मास्ट पेशी आपल्या आतला साठा बाहेर सोडते. त्या साठ्यातलं मुख्य रसायन हिस्टामिन.

हिस्टामिन स्वतःहून काही करू शकत नाही. नसांच्या टोकांवर, रक्तवाहिन्यांवर त्याच्यासाठी ठरलेल्या जागा असतात, त्यांना एच-१ ग्राहक म्हणतात. तिथे ते बसलं की पुढचं सगळं सुरू होतं. नसांवर बसलं की खाज आणि शिंका. नसांच्याच प्रतिक्षिप्त क्रियेतून ग्रंथी पाण्यासारखा शेंबूड सोडतात. रक्तवाहिन्यांवर बसलं की त्या फुगतात, त्यांतून द्रव झिरपतो, अस्तर सुजतं.

अँटीहिस्टामिन काय करतं, हे मुंबईकराला सांगायला फार कष्ट नकोत. लोकल फलाटावर शिरता शिरता खिडकीतून सीटवर रुमाल टाकणारा माणूस आठवा. औषध एच-१ च्या जागेवर रुमाल टाकून ठेवतं. हिस्टामिन गाडीत चढतं, पण बसायला जागा नाही. यातून दोन गोष्टी लगेच कळतात. रुमाल गर्दी चढण्याआधी टाकला तर उपयोग जास्त, म्हणजे माळा साफ करायचा असेल तर औषध आधी घेतलेलं बरं. आणि हिस्टामिनची जागा अडवली तरी डब्यात दुसरी मंडळी असतातच.

ही दुसरी मंडळी महत्त्वाची आहेत. पहिल्या झटक्यानंतर साधारण ४ ते ८ तासांनी दुसरी लाट येते. इओसिनोफिलसारख्या पेशी अस्तरात जमतात, ल्युकोट्रिनसारखी रसायनं सोडली जातात, आणि सूज मुरते. सकाळच्या शिंका थांबल्यावरही संध्याकाळी नाक चोंदलेलंच असतं, त्यामागे बहुतांशी ही लाट असते. अँटीहिस्टामिनची गोळी शिंका, खाज आणि वाहणारं नाक यांवर चांगली चालते, पण चोंदलेल्या नाकापुढे तिचं फारसं चालत नाही, याचं कारण इथे आहे.

गोळी असताना स्प्रे कशाला?

पहिलं अँटीहिस्टामिन १९३७ मध्ये डॅनिएल बोवे यांच्या प्रयोगशाळेतल्या कामातून पुढे आलं. बोवे यांना १९५७ चं नोबेल मिळालं, त्यात या कामाचा वाटा होता. सुरुवातीची ही औषधं मेंदूत सहज शिरायची आणि माणूस पेंगायचा. सर्दीच्या पुष्कळशा मिश्र गोळ्यांमध्ये आजही असलेलं क्लोरफेनिरामिन त्याच पिढीतलं. पुढे सेटिरिझिन, लेवोसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन आली. त्यांनी झोप कमी येते, फेक्सोफेनाडिनने सर्वांत कमी. सेटिरिझिनने काही जणांना चांगलीच झापड येते, हे ज्यांनी घेतलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

गोळी पोटात जाते, रक्तात मिसळते आणि सगळ्या अंगभर फिरते. त्यातला थोडासा भाग नाकाच्या अस्तरापर्यंत पोचतो. स्प्रे थेट तिथेच पडतो, त्यामुळे अस्तरावर औषधाचं प्रमाण गोळीने कधी मिळणार नाही इतकं जास्त होतं. अझेलास्टिनच्या स्प्रेचा परिणाम साधारण १५ मिनिटांत जाणवू लागतो, गोळीला तासभर किंवा त्याहून अधिक लागतो. आणखी एक फायदा असा की, या जास्त प्रमाणात अझेलास्टिन एच-१ ची जागा अडवून थांबत नाही, मास्ट पेशींतून रसायनं सुटण्यावरही ते काहीसा आळा घालतं. त्यामुळे चोंदलेल्या नाकावर त्याचा परिणाम गोळीपेक्षा बरा दिसतो. डोळे चुरचुरणं, अंगावर पित्त उठणं असा त्रास सोबत असेल तर मात्र गोळीचं पारडं जड, कारण ती सगळीकडे पोचते.

अझेलास्टिनच्या नाकातल्या स्प्रेला अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली, ओलोपाटाडिनला २००८ मध्ये. मला यातली जास्त रंजक वाटणारी गोष्ट २००० सालची आहे. त्या वर्षी अझेलास्टिनला ॲलर्जी नसलेल्या, व्हॅसोमोटर म्हणवल्या जाणाऱ्या सर्दीसाठीही मान्यता मिळाली. घामाघूम होऊन स्टेशनवरून चालत आलात, ऑफिसच्या गार एसीत शिरलात आणि नाक वाहायला लागलं. अत्तराचा, उदबत्तीचा, फोडणीचा वास आला आणि शिंका सुरू. ॲलर्जीच्या सगळ्या चाचण्या मात्र स्वच्छ. या प्रकारात अँटीहिस्टामिनच्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, पण हा स्प्रे अनेकांना उपयोगी पडतो. म्हणजे ‘गोळीने काही झालं नाही, मग त्याच औषधाच्या स्प्रेने काय होणार’ हा तर्क इथे चुकतो.

आता उणी बाजू. नाकात मारलेल्या अझेलास्टिनपैकी सुमारे ४० टक्के रक्तात पोचतं. स्प्रे आहे म्हणून झोप येणारच नाही, असं समजू नये. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या चाचण्यांत अझेलास्टिन घेणाऱ्या सुमारे ११.५ टक्के लोकांनी पेंग येत असल्याचं सांगितलं, औषधाविना नुसता फवारा घेणाऱ्यांत ते ५.४ टक्के होते. रिक्षा, टॅक्सी, बस चालवणाऱ्याने किंवा यंत्रावर काम करणाऱ्याने पहिला डोस सुट्टीच्या दिवशी घेऊन पाहावा. वर दारू किंवा झोपेची गोळी तर नकोच.

कडू चव आणि मारायची पद्धत

स्प्रे सोडून देण्यामागे सर्वांत मोठं कारण असतं तोंडात येणारी कडू चव. त्याच चाचण्यांत जवळपास २० टक्के लोकांनी ती तक्रार केली. कडूपणा औषधाचाच आहे, त्यामुळे थोडा येणारच. पण बराचसा आपण ओढवून घेतो. नाकात थेंब घालताना मान मागे टाकायची आपली जुनी सवय असते. स्प्रेही तसाच मारला आणि वर जोरात हुंगलं की सगळं औषध टाळूमागून घशात उतरतं. जिथे हवं तिथे राहत नाही आणि जीभ मात्र कडू करून जातं.

आधी हळूच नाक शिंकरून साफ करा. मिठाच्या पाण्याने नाक धुणार असाल तर ते स्प्रेच्या आधी, नंतर धुतलंत तर औषधच धुवून जाईल. पाणी उकळून गार केलेलं घ्या, नळाचं थेट नको. नवी बाटली असेल किंवा बरेच दिवस पडून असेल, तर बारीक फवारा येईपर्यंत हवेत काही वेळा दाबा. मग मान किंचित पुढे झुकवा, जणू पायांच्या अंगठ्यांकडे बघताय. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डाव्या नाकपुडीसाठी उजवा. असं केलं की नळीचं टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाच्या रोखाने वळतं. मधल्या पडद्यावर फवारा मारायचा नाही. तो पडदा नाजूक, रोज तिथेच मार बसला की कोरडा पडतो आणि घोळणा फुटतो. दाबताना श्वास अगदी हलका आत घ्या, फुलाचा वास घेताना घेतो तेवढाच. नंतर लगेच मान मागे टाकू नका, लगेच नाक शिंकरू नका. घशात उतरलंच तर गिळू नका, थुंकून चूळ भरा.

नुसतं अझेलास्टिन हे द्रावण असतं, ते हलवावं लागत नाही. स्टेरॉइडच्या आणि मिश्रणाच्या बाटल्यांत मात्र औषध तळाशी बसतं, त्या दर वेळी हलवूनच वापरायच्या. मोठ्यांसाठी बहुधा दिवसातून दोनदा, प्रत्येक नाकपुडीत एक किंवा दोन फवारे असं सांगितलं जातं. लहान मुलांची वयोमर्यादा आणि फवाऱ्यांची संख्या औषधागणिक बदलते, ती डॉक्टरांकडूनच घ्यावी.

स्टेरॉइड, मिश्रण आणि मुंबईचा हात

रोजच्या, चिवट त्रासासाठी सर्वांत परिणामकारक एकटं औषध अजूनही स्टेरॉइडचा स्प्रेच आहे. दुसरी लाट तोच थोपवतो. ‘स्टेरॉइड’ ऐकून दचकायला होतं, पण फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा नाकातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि त्यातला जेमतेम १-२ टक्के किंवा त्याहूनही कमी भाग रक्तात पोचतो. त्याचा खरा दोष वेगळा: तो सावकाश चालतो. थोडा फरक पहिल्या दिवशी दिसतो, पूर्ण परिणामाला आठवडा-दोन आठवडे लागतात. तिसऱ्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून तो बंद करणारे खूप आहेत.

एक सावकाश पण खोलवर, दुसरा झटपट. दोन्ही एकाच बाटलीत घालायची कल्पना साहजिक वाटते, आणि ती प्रत्यक्षात आणण्यात मुंबईच्या कंपन्यांचा वाटा मोठा आहे. अझेलास्टिन आणि फ्लुटिकासोनचं मिश्रण सिप्लाने भारतात आधीच विकायला आणलं होतं. सिप्लाच्याच पेटंटच्या परवान्यावर तयार झालेल्या ‘डायमिस्टा’ला २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ओलोपाटाडिन आणि मोमेटासोनचं मिश्रण असलेलं ‘रायल्ट्रिस’ ग्लेनमार्कचं, त्याला अमेरिकेत जानेवारी २०२२ मध्ये मान्यता मिळाली. दोन्ही कंपन्यांची मुख्य कार्यालयं मुंबईत आहेत.

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संयुक्त कृतिदलाने १२ वर्षांवरच्या, मोसमी त्रास असलेल्या रुग्णांसाठी शिफारशी काढल्या. त्यांतली एक इथल्या सवयींशी चांगलीच विसंगत आहे. उपचाराच्या सुरुवातीला स्टेरॉइडचा स्प्रे देताना जोडीला अँटीहिस्टामिनची गोळी नेमाने देऊ नका, कारण त्याने फारशी भर पडत नाही. त्रास मध्यम ते तीव्र असेल तर अँटीहिस्टामिनचा स्प्रे जोडा, तो फायदा दिसतो. आपल्याकडे चिठ्ठीवर स्प्रेच्या जोडीला लेवोसेटिरिझिन-मॉन्टेलुकास्टची गोळी जवळजवळ ठरलेली. यातलं मॉन्टेलुकास्ट हे ल्युकोट्रिनला अडवणारं औषध. मॉन्टेलुकास्टबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये सर्वांत कडक पातळीचा इशारा दिला: मनःस्थिती आणि वागण्यावर गंभीर परिणाम होऊ शकतात, आणि नुसत्या ॲलर्जीच्या सर्दीसाठी ते इतर औषधांनी भागत नसेल तरच द्यावं. सोबत दमा असेल तर गणित वेगळं, म्हणून चालू गोळी मनाने बंद करू नये. पण ‘ही गोळी मला नेमकी कशासाठी?’ हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा.

अधूनमधून त्रास होणाऱ्याला नुसता अँटीहिस्टामिनचा स्प्रे, गरजेपुरता, पुरेसा ठरू शकतो. धुळीचं काम निघालं, एखाद्या जुन्या घरी मुक्कामाला जायचं आहे, की आधी मारायचा. स्टेरॉइडला हे जमत नाही.

दुसऱ्या बाटलीपासून जपून

झायलोमेटाझोलिन आणि ऑक्सिमेटाझोलिन ही नाक मोकळं करणारी औषधं. काही मिनिटांत नाक असं सुटतं की माणूस त्यांच्या प्रेमातच पडतो. अडचण अशी की ३ ते ५ दिवसांपेक्षा जास्त वापरली, तर असर उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं. मग पुन्हा फवारा, मग पुन्हा चोंदणं. उशाखाली बाटली ठेवल्याशिवाय झोप न येणारी माणसं तुमच्याही ओळखीत सापडतील. त्यांना वाटतं सर्दी हटत नाही, आणि इथे बाटलीच सर्दी टिकवून धरते. अँटीहिस्टामिनच्या स्प्रेने असं उलटं चोंदणं होत नाही, तो आठवडेच्या आठवडे वापरता येतो. या दोघांत गल्लत झाली तर नुकसान तुमचंच, म्हणून ब्रँडच्या मोठ्या अक्षरांखाली लिहिलेलं औषधाचं नाव वाचायचं. दुसऱ्या बाटलीची सवय लागलीच असेल, तर डॉक्टर बहुधा स्टेरॉइडचा स्प्रे सुरू करून ती सोडवतात.

अझेलास्टिनबद्दल एक बातमी मोबाइलवर फिरत असते, तिच्याबद्दल दोन ओळी. जर्मनीतल्या सारलांड विद्यापीठात ४५० निरोगी लोकांवर झालेली चाचणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. दिवसातून तीनदा अझेलास्टिन मारणाऱ्यांत कोविडची लागण २.२ टक्के, नुसता फवारा मारणाऱ्यांत ६.७ टक्के. आशादायक आहे, पण एका केंद्रावरची छोटी चाचणी आहे. तेवढ्यावर कुणी रोज स्प्रे मारू नये.

त्वचेवर टोचून करायची ॲलर्जीची चाचणी ठरली असेल, तर गोळ्यांबरोबर या स्प्रेबद्दलही आधी सांगा, अँटीहिस्टामिन शरीरात असेल तर निकाल खोटा स्वच्छ येऊ शकतो. गरोदर असाल तर चिठ्ठीशिवाय सुरू करू नका. आणि काही तक्रारींत कुठल्याच स्प्रेवर दिवस घालवू नयेत: नाक सतत एकाच बाजूने चोंदणं, त्याच बाजूने रक्त किंवा घाण वासाचा स्राव येणं, वास कळेनासा होणं, चेहरा दुखून ताप येणं. खिडकीत कबुतरं बसतात आणि कोरडा खोकला व चालताना धाप सुरू झाली, तर तो नाकाचा प्रश्न नसून फुप्फुसाचा असू शकतो, त्यावर अँटीहिस्टामिनचा काहीही उपयोग नाही. ॲलर्जीची सर्दी असलेल्या बऱ्याच जणांना दमाही असतो, तेव्हा रात्री छातीतून शिटीसारखा आवाज येत असेल तर नाकाबरोबर छातीही तपासून घ्या.